बिभा नावाचा तारा

जेवणखाण उरकलं असेल, भांडी आवरली असतील, तर आज रेडिओ उचला आणि अंगणात येऊन बसा. बचतीचा हिशोब नाही, सरकारी योजना नाही. आज आभाळाविषयी बोलायचं आहे.

मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात आमची ज्वारी असायची. कणीस हुरड्यात आलं, की दिवसा पाखरं आणि रात्री रानडुकरं. राखणीला माळ्यावर आजी असायची, आणि सुट्टी असली की तिच्या शेजारी गोधडीत मी. घड्याळ नव्हतं. सप्तर्षींना ती बाज म्हणायची. बाज वर चढली, की आजोबांना हाक मारायची, "उठा, आता तुमची पाळी." एका रेघेतले मृगाचे तीन तारे कुठवर आलेत ते बघून ती रात्र किती उरली ते सांगायची आणि तिचा अंदाज कधी फार चुकल्याचं मला आठवत नाही. त्या रानाची राखण तिने चाळीस वर्षं केली. सातबाऱ्यावर तिचं नाव मात्र कधी चढलं नाही. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण आजची गोष्ट ताऱ्यांची आहे तशी नावांचीही आहे.

नक्षत्रांची नावं आपल्याला पाठ आहेत ती पावसामुळे. रोहिणी, मृग, आर्द्रा, मग पुनर्वसू. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि त्याच्या पाठोपाठ पुष्याचा तो म्हातारा. आपल्या सोलापूर भागात तरणाही हुलकावणी देतो आणि म्हाताराही. आपली खरी भिस्त उत्तरा आणि हस्तावर, तेव्हा कुठे रब्बीची ओल धरते. पण मला सांगा, पुनर्वसूचा पाऊस सगळ्यांनी अंगावर घेतलाय, पुनर्वसू नक्षत्र डोळ्यांनी किती जणींनी पाहिलंय?

पावसाळ्यात ते दिसत नाहीच. ढग आहेत म्हणून नव्हे. सूर्य पुनर्वसूत आला म्हणजे आपल्या बाजूने पाहता ते नक्षत्र सूर्याच्या मागे गेलं. ते सूर्याबरोबर उगवतं आणि सूर्याबरोबरच मावळतं. ते बघायचं तर थंडीत. सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा भरते त्या दिवसांत, रात्री आठ-नऊला पूर्वेला तोंड करून उभ्या राहा. मृग वर चढलेला असतो. त्याच्या खाली डाव्या हाताला, जरा उत्तरेकडे, दोन ठळक तारे शेजारी शेजारी दिसतात. ते पुनर्वसूतले. त्यातला उत्तरेकडचा पांढरा आहे आणि दक्षिणेकडचा किंचित पिवळसर. तो पिवळसर तारा नीट बघून ठेवा.

त्या ताऱ्यापासून आपल्यापर्यंत उजेड यायला ३४ वर्षं लागतात. म्हणजे आज डोळ्यांत शिरणारा उजेड तिथून निघाला, तेव्हा तुमच्यातल्या कितीतरी जणी सासरी आल्याही नव्हत्या. २००६ साली शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की या ताऱ्याभोवती एक ग्रह फिरतो आहे. आपल्या गुरूपेक्षा दुपटीहून जड. त्याची एक फेरी पुरी व्हायला साधारण ५९० दिवस लागतात.

आता तारा आणि ग्रह यांतला फरक एकदा सांगून टाकते. तारा स्वतः जळतो, उजेड देतो. आपला सूर्य हाही एक तारा, फक्त जवळचा. ग्रह स्वतः उजेड देत नाही, ताऱ्याभोवती फिरतो आणि त्याच्याच उजेडात दिसतो. पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी हे आपल्या सूर्याच्या घरातले. मग प्रत्येक तारा हा एक सूर्य असेल, तर त्यांच्या घरातही माणसं, म्हणजे ग्रह, असतील की! हा प्रश्न जुना आहे. पण तारा इतका झगझगीत आणि ग्रह इतका अंधूक, की दिसावा कसा? गॅसबत्तीशेजारी बसलेलं चिलट चार कोसांवरून दिसेल का?

ते दिसत नाही, पण कळतं. आठवा, नागपंचमीला आपण फुगडी घालतो. जोडीला आपल्याएवढीच असली तर दोघी सारख्या गरगर फिरतात. पण जाडजूड काकूने पाच वर्षांच्या पोरीचे हात धरले तर? पोर लांबवर गोल फिरते आणि काकू जागेवरच असल्यासारखी वाटते. नीट बघितलं तर काकूही थोडी डुलत असते. अंधारात पोर दिसली नाही, तरी काकूचं डुलणं बघून कळतं, की हिने कुणाचे तरी हात धरलेत. तारा म्हणजे ती काकू. ग्रह लहान, पण तोही ताऱ्याला थोडं डुलवतो. तारा डुलत आपल्याकडे आला, की त्याच्या उजेडात बारीक फरक पडतो, लांब गेला की उलटा फरक पडतो. एसटी आपल्याकडे येते तेव्हा हॉर्न चढा वाटतो आणि पुढे निघून गेली की उतरतो, तसंच काहीसं. हे उजेडाचं चढ-उतार मोजणारी यंत्रं गेल्या चाळीसेक वर्षांतली. दुसरी रीत आणखी सोपी. ग्रह ताऱ्याच्या समोरून गेला, की ताऱ्याचा उजेड पैशात मोजावा इतका, अगदी थोडा, कमी होतो. ठरावीक दिवसांनी पुन्हा तेवढाच कमी झाला, की समजायचं, कुणीतरी फेऱ्या घालतंय.

या डुलण्यावरून ग्रह ओळखायचा प्रयत्न मात्र यंत्रांच्या फार आधीचा आहे, आणि तो ज्याने केला तो माणूस आपल्या पुण्यातला. म्हणजे होता इंग्रज, पण आभाळ शिकला ते पुण्यात.

त्याचं नाव कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब. कंपनी सरकारचा इंजिनिअर. १८३१ साली तो मुंबईला उतरला. काही वर्षं त्याने उत्तरेकडे जमीनमोजणीच्या कामात घालवली आणि १८४२ साली पुण्यात स्वतःची खासगी वेधशाळा मांडली. इथली हवा त्याला सोसायची नाही, पण दुर्बीण सुटेना. त्याला वेड होतं जोडताऱ्यांचं, म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांचं. पुण्याहून पाहिलेल्या २४४ जोडताऱ्यांची यादी त्याने १८४८ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीपुढे ठेवली. त्याच १८४८ साली त्याच पुण्यात, भिडेवाड्यात, सावित्रीबाई आणि जोतीराव मुलींची शाळा सुरू करत होते. हा माणूस आभाळाकडे बघत होता, त्या शेणगोटे झेलत रस्त्याने चालत होत्या. एकाच गावातल्या या दोन गोष्टी मला शेजारी शेजारी ठेवून बघायला आवडतात. असो.

जेकब पुढे मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख झाला. तिथून १८५५ साली त्याने लिहिलं, की भुजंगधारी तारकासमूहातला एक जोडतारा गणिताप्रमाणे फिरत नाही. ठरलेल्या वाटेवरून थोडा थोडा ढळतो. या दोघांशिवाय तिथे तिसरं कुणीतरी, ग्रहासारखं काही असावं, असं त्याला फार संभवनीय वाटलं. सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याला ग्रह आहे, असं नुसत्या कल्पनेने नव्हे तर मोजमापाच्या आधारावर म्हटलं गेल्याची ही अगदी सुरुवातीची नोंद.

तो चुकला होता. त्या काळच्या दुर्बिणींच्या मोजणीत जेवढी चूक राहायची, तेवढंच हे ढळणं होतं. पुढे अमेरिकेत दुसऱ्या एकाने त्याच ताऱ्याबद्दल पुन्हा तसाच दावा केला, आणि १८९९ साली तिसऱ्याने गणित मांडून दाखवलं, की असा ग्रह तिथे टिकूच शकत नाही. बचत गटात एकीने हिशोब केला तरी दुसरी पुन्हा बेरीज मारतेच ना? विज्ञानातही तसंच. एकाचा आकडा दुसऱ्याने तपासल्याशिवाय वहीत चढत नाही.

जेकबचं पुढे काय झालं, तेही ऐका. पुण्याजवळ डोंगरावर वेधशाळा उभारायची, असं त्याच्या मनात होतं. उंचावर हवा स्वच्छ, तारे स्थिर दिसतात. विलायतेच्या पार्लमेंटने त्यासाठी एक हजार पौंड मंजूर केले, त्याने नऊ इंची दुर्बीण विकत घेतली आणि १८६२ साली ८ ऑगस्टला तो मुंबईत उतरला. पुण्याला पोचला आणि १६ ऑगस्टला वारला. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. मला त्याच्या चुकीचं काही वाटत नाही. त्याने प्रश्न बरोबर विचारला होता, हत्यार मोडकं होतं.

चांगलं हत्यार यायला पुढे सव्वाशे-दीडशे वर्षं गेली. १९९२ साली एका मेलेल्या ताऱ्याभोवती ग्रह सापडले. मग १९९५ साली स्वित्झर्लंडच्या मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ या दोघांनी आपल्या सूर्यासारख्या जित्याजागत्या ताऱ्याभोवती एक ग्रह शोधला. गुरूच्या निम्म्या वजनाचा असून सव्वाचार दिवसांत फेरी मारणारा. म्हणजे तिथलं वर्ष सव्वाचार दिवसांचं! आधी लोकांचा विश्वास बसेना. पण इतरांनी तपासलं आणि ते खरं निघालं. त्या दोघांना २०१९ साली नोबेल मिळालं. आजवर असे ६००० हून जास्त ग्रह सापडले आहेत.

एवढे ग्रह झाले, तर त्यांना हाक कशी मारायची? शास्त्रज्ञ नंबर देतात, रेशनकार्डावर असतो तसा. मग जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांच्या संघटनेने ठरवलं, की काहींना लोकांनीच नावं द्यावीत. २०१५ साली पहिली फेरी झाली आणि तिच्यात आपल्या पुनर्वसूतल्या त्या पिवळसर ताऱ्याचा ग्रहही होता.

इथे एक गंमत आहे, आणि थोडी टोचणीही. ग्रीक लोकांच्या कथेत पुनर्वसूचे हे दोन तारे म्हणजे दोघे भाऊ, आणि त्यांच्या आईचं नाव लेडा. म्हणून लोकांनी ग्रहाला लेडा हे नाव सुचवलं, की मुलाच्या भोवती आई फिरतेय. पण ते नाव आभाळात आधीच दुसऱ्याला दिलेलं निघालं. मग काय करावं? तिला तिच्या बापाच्या नावाने ओळखायचं ठरलं. बाप थेस्टियस, म्हणून ग्रह थेस्टियास. थेस्टियसची लेक! आभाळात जाऊनही बाई अमक्याची लेक, तमक्याची मंडळी. आपल्याकडे पुनर्वसूची देवता कोण, ठाऊक आहे? अदिती. देवांची आई, आणि तिच्या स्वतःच्या नावाने. आपल्या राज्यात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या लेकरांच्या नावात बापाच्या आधी आईचं नाव लावायचा नियम झाला, तेव्हा मला त्या लेडाची आठवण झाली.

२०१९ साली नावांची दुसरी फेरी आली. त्या संघटनेला शंभर वर्षं झाली होती. शंभराहून जास्त देशांना प्रत्येकी एक तारा आणि त्याचा एक ग्रह नावासाठी दिला गेला. भारताच्या वाट्याला आला एचडी ८६०८१ नावाचा, म्हणजे नंबराचा, तारा. त्याचा ग्रहही २००६ सालीच सापडला होता. देशभरातून नावं मागवली, लोकांची मतं घेतली आणि डिसेंबरात जाहीर झालं, की ताऱ्याचं नाव बिभा.

बंगालीत बिभा म्हणजे प्रकाशाचा झोत. पण नाव दिलं गेलं ते एका बाईचं. डॉ. बिभा चौधुरी. आपण बिभाताई म्हणू.

बिभाताईंचा जन्म १९१३ सालचा, कलकत्त्याचा. १९३६ साली त्या कलकत्ता विद्यापीठातून पदार्थविज्ञान घेऊन एमएस्सी झाल्या. त्या वर्गात बाई म्हणून एकट्याच. मग देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर त्यांनी संशोधन सुरू केलं. विषय होता, आभाळातून आपल्यावर सतत बरसणारे अदृश्य कण. आत्ता तुम्ही ऐकताय तेव्हाही ते तुमच्या हातातून आरपार चालले आहेत, दुखत-खुपत नाहीत. फोटोच्या काचेवरून असा कण गेला, की बारीक रेघ उमटते. उंचावर हे कण जास्त, म्हणून बोस आणि बिभाताईंनी दार्जिलिंगला आणि त्याच्याही वर संदकफूच्या डोंगरावर काचा ठेवल्या. संदकफू म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच. महिनोन् महिने काचा तिथे ठेवायच्या, मग खाली आणून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक रेघ निरखायची. तांदळातले खडे निवडायचं काम तुम्ही केलंय, तर या कामाला किती चिकाटी लागते ते मी वेगळं सांगायला नको.

त्या रेघांमध्ये त्यांना अशा कणांच्या खुणा दिसल्या, जे इलेक्ट्रॉनच्या साधारण दोनशे पट वजनाचे होते. १९४० ते १९४२ या काळात 'नेचर' या विलायतेतल्या मोठ्या नियतकालिकात त्यांचे लेख छापून आले. पण वजन अचूक सांगायला जास्त चांगल्या काचा हव्या होत्या, आणि महायुद्ध चालू असल्यामुळे त्या भारतात मिळेनात. काम तिथेच अडलं. युद्ध संपल्यावर, १९४७ साली, सेसिल पॉवेल या इंग्रज शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सोबत्यांनी सुधारलेल्या काचा वापरून, त्याच वाटेने जाऊन नवा कण पक्का शोधला. १९५० सालचं नोबेल पॉवेलला मिळालं. त्याने पुढे आपल्या पुस्तकात बोस आणि चौधुरी यांच्या आधीच्या कामाची नोंद केली आहे, तो खोटेपणाने वागला असं मी म्हणणार नाही. त्याच्याकडे चांगल्या काचा होत्या, यांच्याकडे नव्हत्या. जेकबची आणि बिभाताईंची अडचण बघा कशी एकच. फक्त जेकब चुकला होता आणि बिभाताई बरोबर होत्या.

तोवर बिभाताई इंग्लंडला मँचेस्टरला गेल्या होत्या. पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. तिथल्या वर्तमानपत्राने त्यांची मुलाखत छापली. पदार्थविज्ञानात बायका इतक्या कमी आहेत, याची खंत त्यांनी त्यात बोलून दाखवली. मग १९४९ साली होमी भाभांनी त्यांना मुंबईला आपल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घेतलं. त्या संस्थेतल्या त्या पहिल्या महिला संशोधक. आज कुलाब्याच्या टोकाला समुद्राला लागून आहे ती इमारत तेव्हा नव्हती, संस्था गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात भरायची. आपल्या गावाकडची किती माणसं त्या काळी मुंबईला गिरणीत होती! गिरणगावात आपली माणसं साचे चालवत होती, तेव्हा याच शहराच्या दुसऱ्या टोकाला ही साडीतली बाई आभाळातल्या कणांचा माग काढत होती.

मुंबईनंतर त्यांनी अहमदाबादला काम केलं. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली खोलवर चाललेल्या प्रयोगांतही त्या होत्या. शेवटी त्या कलकत्त्याला परतल्या आणि १९९१ साली गेल्या. अखेरपर्यंत त्यांचं लिहिणं, संशोधन चालू होतं. पण देशातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना आपली सदस्य करून घेतलं नाही. मोठा म्हणावा असा पुरस्कार नाही. राजिंदर सिंग आणि सुप्रकाश रॉय या दोघांनी जुने कागद धुंडाळून २०१८ साली त्यांचं चरित्र छापलं, तेव्हा कुठे लोकांना नाव कळू लागलं. त्याच्या पुढच्याच वर्षी ते ताऱ्याला मिळालं. ते सुचवणारा होता सुरतेच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला विशीतला एक विद्यार्थी.

आणि ग्रहाचं नाव? ते सुचवलं पुण्यातल्या एका शाळेतल्या तेरा वर्षांच्या मुलाने. संतमस. संस्कृत शब्द आहे, अर्थ दाट अंधार, झाकोळ. हा ग्रह गुरूपेक्षा जड आहे आणि ताऱ्याला इतका चिकटून फिरतो, की फक्त दोन दिवसांत त्याचं वर्ष संपतं. तिथे आपल्यासारखं कुणी राहत असेल, अशी आशा नको. भाजून निघेल.

मागे एका गावात मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा एक आजीबाई म्हणाल्या, "मेल्यावर तारा करून काय उपेग? जित्तेपणी खुर्ची द्यायची हुती." यावर मला काही बोलता आलं नाही.

आता बिभा कुठे आहे ते सांगते आणि थांबते. चैत्री अमावास्येच्या आसपास, रात्री नऊच्या सुमाराला, मघा नक्षत्राचा ठळक तारा जवळजवळ डोक्यावर येतो. दक्षिणेला तोंड करा. हात लांब करून मूठ धरा. मघाच्या ताऱ्यापासून खाली दीड मूठ मोजा, किंचित उजवीकडे. तिथे काही दिसणार नाही. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या मंदातल्या मंद ताऱ्यापेक्षाही बिभा दहा-बारा पट मंद आहे, तिचा उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे ३४० वर्षं लागतात. पण गावात आकाशदर्शनाला कुणी दुर्बीण घेऊन आलं, तर सगळ्यांसारखं शनीचं कडं बघून घरी परत येऊ नका. नंबर लिहून घ्या, एचडी ८६०८१. दुर्बीणवाल्याला म्हणा, आम्हाला बिभा दाखवा.